स्क्रू कुठून आणणार?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. घाईत जिथं आकडा चुकला होता तिथं दुरुस्त केलाय.)

मागच्या रविवारी इथंच, याच पत्र्याखाली, आपल्यातल्या एका पोरानं मला आडवा प्रश्न टाकला. म्हणाला, "ट्रम्प म्हणतो फोनचे कारखाने अमेरिकेत परत आणा, हिंदुस्थानात काढू नका. म्हणजे आमच्या तोंडचा घास काढा. मग अमेरिकेतला कामगार आमचा वैरी झाला की नाही?" त्या दिवशी मी रात्रपाळी करून सरळ इथं आलो होतो. डोळ्यांत झोप, खांद्यात ठणका. मी म्हटलं, आठ दिवस दे. आज उत्तर देतो. लांबण लागेल, पण मधे उठू नका, चहा सांगितलाय.

आधीच सांगतो, मी मॅट्रिक. धक्क्यावर कंत्राटानं राबतो आणि कविता लिहितो. अर्थशास्त्राचे प्रोफेसर हे माझ्यापेक्षा बरं सांगतील, पण ते इथं येत नाहीत.

पोराचा प्रश्न हवेतनं आलेला नाही. १५ मे २०२५ ला ट्रम्प कतारमध्ये दोह्याला बोलला, की ॲपलच्या टिम कुकला मी सांगितलंय, तू हिंदुस्थानात कारखाने काढलेले मला नकोत. आठ दिवसांनी, २३ मेला, धमकी आली. अमेरिकेत विकायचा आयफोन अमेरिकेतच बनला पाहिजे, नाहीतर २५ टक्के जकात. पण त्याच्या आधी एप्रिलात काय झालं ते बघा. २ एप्रिलला साऱ्या जगावर जकात बसवली, ढोल बडवले. आणि ११ एप्रिलला रात्री हळूच फोन आणि कॉम्प्युटर त्यातनं वगळले. या मधल्या दिवसांत, ६ एप्रिलला, त्याचा व्यापारमंत्री हॉवर्ड लटनिक टीव्हीवर बसून सांगतो, लाखो माणसांची फौज आयफोनात बारके बारके स्क्रू पिळत बसते, ते काम आता अमेरिकेत येणार. आणि त्याच दमात म्हणतो, ते काम यंत्रं करतील.

मी आधी हसलो. मग हसू गेलं. ज्या कामाला हा गडी 'स्क्रू पिळणं' म्हणतो त्या कामावर माणसं जगलीत आणि मेलीतही. तेव्हा आज आपण स्क्रूपासनंच सुरू करू.

डिसेंबर २०१२ मध्ये टिम कुकनं जाहीर केलं की आम्ही एक कॉम्प्युटर अमेरिकेत जोडणार. १० कोटी डॉलर त्यात घालणार. २०१३ साली टेक्सासातल्या ऑस्टिन शहरात मॅक प्रो नावाचा महागडा कॉम्प्युटर जोडायला सुरुवात झाली. सगळं होतं. पैसा होता, शेड होती, कामगार होते. अडलं कुठं? एका बारक्या स्क्रूवर. त्याच मापाचे स्क्रू हजारोंनी, लगोलग, हवे तेव्हा बनवून देणारं तिथं कोणी नव्हतं. जवळचा एक वर्कशॉपवाला गाठला. त्याच्याकडं २० माणसं. दिवसाला जास्तीत जास्त १,००० स्क्रू. पूर्वी ढिगानं स्क्रू पाडणारी त्याची प्रेस होती, पण गिऱ्हाईक चीनकडं गेलं तसं ती यंत्रं त्यानं मोडीत काढली होती. मग तो मालक स्वतःच्या मोटारीत घालून खेप खेप करत स्क्रू पोचवायला लागला. २२ खेपांत २८,००० स्क्रू. शेवटी ॲपलनं चीनमधनंच स्क्रू मागवले. २०१९ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सनं ही हकीकत छापली.

गंमत पुढं आहे. २० नोव्हेंबर २०१९ ला ट्रम्प त्याच ऑस्टिनच्या कारखान्यात गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, आज मी ॲपलचा मोठा कारखाना उघडला. कारखाना २०१३ पासनं चालू होता. आपल्याकडंही एकाच नळाचं तीनदा उद्घाटन होतं, तेव्हा आपल्याला याचं नवल नको.

आता हे स्क्रूचं नीट समजून घ्या. आपल्यातले बरेचजण म्हणतात, चीनमध्ये मजुरी स्वस्त म्हणून कारखाने गेले. अर्धं खरं आहे. २०१७ साली टिम कुकच चीनमध्ये बसून म्हणाला होता, चीन आता स्वस्त मजुरीचा देश राहिलेला नाही. आम्ही इथं येतो ते हत्यारं-साचे करणाऱ्या कसबी माणसांसाठी. अमेरिकेत असे इंजिनियर बोलावले तर एक खोली भरायची मारामार, चीनमध्ये मैदानं भरतील. भांडवलदार स्वतःची बाजू मांडतोय हे धरूनसुद्धा यात तथ्य आहे. तुम्ही मशिद बंदरच्या अंगाला नागदेवीला गेलात तर एका गल्लीत बोल्ट, दुसऱ्या दारात बेअरिंग, तिसऱ्या माळ्यावर ड्रिलची पाती. एक वस्तू नाही मिळाली तर दुकानदार पोऱ्याला पळवतो, चहा संपायच्या आत आणून देतो. शेन्झेन म्हणजे शंभर-हजार नागदेवी एकाला एक लागून, आणि दुकानांऐवजी कारखाने. काच, गोंद, कॅमेरा, बॅटरी, डबा, सगळं हाकेच्या अंतरावर. असा बाजार जकात बसवून एका रात्रीत उठत नाही आणि दुसऱ्या रात्रीत दुसरीकडं बसतही नाही. चीननं तो तीस-चाळीस वर्षं बसवला. अमेरिकेनं तेवढीच वर्षं आपला मोडला.

मोडला कोणी? अमेरिकन कामगारानं? चिन्यांनी? की मालकांनी?

१९६३ साली फेअरचाइल्ड नावाच्या कंपनीनं हाँगकाँगला पहिला कारखाना काढला. ही कंपनी म्हणजे सिलिकॉन व्हॅलीची आजी. ट्रान्झिस्टर जोडायचं काम तिथं नेलं, कारण तिथल्या बाईची मजुरी अमेरिकेच्या दहाव्या हिश्शाएवढी. १९६३! तेव्हा ना फोन होता, ना ॲपल होती. म्हणजे नोकऱ्या काल-परवा गेल्या नाहीत. हा धंदा उभा राहिला तोच एक पाय बाहेर ठेवून.

आणि दुसरा पाय कुठं होता, ते ऐका. ही गोष्ट मला या आठ दिवसांत कळली आणि मला झोप आली नाही.

१९६५ साली याच फेअरचाइल्डनं न्यू मेक्सिको राज्यात शिपरॉकला कारखाना काढला. नावाहो लोकांच्या राखीव प्रदेशात. नावाहो म्हणजे अमेरिकेचे मूळचे लोक, ज्यांची जमीन गेली आणि ज्यांना वाळवंटात कोंडलं. तिथं काम नाही, वीज-पाणी धड नाही. जमातीनं शेड बांधून दिली, सरकारनं शिकाऊ मजुरीचा खर्च उचलला. कंपनीनं काय आणलं? काम आणि हुशारी. भरती झाली हजाराच्या वर, बहुतेक बाया. बघता बघता अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना नोकरी देणारा तो मोठ्यातला मोठा खाजगी कारखाना ठरला.

१९६९ साली नवी शेड झाली तेव्हा कंपनीनं एक चकचकीत पुस्तिका छापली. तिच्यात एकीकडं नावाहो बायकांनी विणलेली घोंगडी आणि दुसरीकडं चिपची नक्षी. सांगणं असं, की या बायका पिढ्यान्‌पिढ्या विणतायत, त्यांच्या बोटांतच हे काम आहे.

कळलं का काय ते? बोटांतच आहे! म्हणजे ती शिकली नाही, तिनं डोळे फोडले नाहीत, दुर्बिणीखाली मान मोडली नाही. तिच्या रक्तात आहे, मग तिला कारागिराची मजुरी कशाला? दोस्तांनो, असं बोलणं आपण कुठं ऐकलंय हे मी तुम्हाला सांगायला नको. कातडं सोलणारे हात, झाडू धरणारे हात, सगळे 'जन्मानंच' तयार! आपल्या देशात हे सांगायला पोथी लागली. तिथं रंगीत पुस्तिका लागली, आर्ट पेपरवर छापलेली.

मग मंदी आली. १४० जणांना काढलं. २४ फेब्रुवारी १९७५ ला अमेरिकन इंडियन मूव्हमेंटचे तरुण बंदुका घेऊन कारखान्यात शिरले आणि आठवडाभर तो ताब्यात ठेवला. कामावरनं काढलेल्यांना परत घ्या, नीट वागवा. ताबा सुटला आणि कंपनीनं कारखानाच बंद केला. परत उघडला नाही. काम आशियात आधीच चालू होतं.

आता मला सांगा, ट्रम्प जेव्हा म्हणतो नोकऱ्या 'परत' आणू, तेव्हा तो शिपरॉकला परत आणणार आहे का? 'परत' या शब्दात कुणाचं घर आहे?

अजून एक गाव घ्या. फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. ओकलंडच्या खाली, मोटारीनं तासाभराच्या आत. ओकलंड म्हणजे जिथं ऑक्टोबर १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पार्टी निघाली, जिच्यावरनं १९७२ साली मुंबईत आपल्या आधीच्या पिढीनं नाव घेतलं. या फ्रीमाँटमध्ये जनरल मोटर्सचा मोठा कारखाना १९८२ साली बंद पडला. १९८४ साली त्याच शेडमध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सनं मिळून कारखाना काढला, युनियनसकट. तो २०१० साली बंद झाला, आणि शेड टेस्लानं घेतली. युनियन गेली. काम आलं, रोबो आले, माणसंही आली, पण युनियन आली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया राज्य सरकारच्या नागरी हक्क खात्यानं टेस्लावर दावा लावला की या कारखान्यात काळ्या कामगारांना शिव्या दिल्या जातात, जड आणि हलकी कामं त्यांच्या माथी मारली जातात. कंपनी म्हणते खोटं आहे. शेड तीच, गाव तेच.

त्याच फ्रीमाँटमध्ये १९८४ साली ॲपलनंही कारखाना काढला होता. मॅकिंटॉश तिथं बनायचा. दर २७ सेकंदाला एक, अशी जाहिरात होती. यंत्रांवर भर इतका की माणूस दिसायचा कमी. १९९२ साली तो बंद. म्हणजे ॲपल अमेरिकेत बनवत होती तेव्हासुद्धा तिला कामगार नको होता, कॉम्प्युटर हवा होता. पुढं २००४ साली कॅलिफोर्नियातच एल्क ग्रोव्हचं कामही थांबलं.

इथं एक मुद्दा आहे तो आमच्या काही कॉम्रेड मित्रांना आवडत नाही, तरी बोलतो. अमेरिकन कारखान्याचं जे चित्र आपल्या डोक्यात आहे, एकटा कमावता बाप, स्वतःचं घर, दारात मोटार, पेन्शन, ते स्टील आणि मोटारीच्या कारखान्यातलं चित्र आहे. ते यंत्रानं दिलं नाही. युनियननं भांडून घेतलं. संप केले, पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या. आणि त्यातही काळा माणूस शेवटी भरती व्हायचा, पहिला काढला जायचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात हे चित्र कधी नव्हतंच. इंटेलच्या रॉबर्ट नॉइसचं म्हणणं उघड होतं, की युनियन नसणं हाच आमच्या कंपन्यांच्या जगण्याचा आधार. सिलिकॉन व्हॅलीत चिप जोडणाऱ्या मेक्सिकन, फिलिपिनो, व्हिएतनामी बाया होत्या. त्यांनी ॲसिडं हुंगली. सॅन होजेत फेअरचाइल्डच्याच कारखान्याच्या टाकीतनं विषारी द्रव झिरपला, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत निघाला, १९८२ साली लोकांना कळलं. त्या सँटा क्लारा काउंटीत विषानं नासलेल्या आणि सरकारनं साफ करायला घेतलेल्या जागा अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त आहेत. वर चकाचक काचेची ऑफिसं, खाली नासलेलं पाणी.

आकडा एकच देतो. १९७९ च्या जूनमध्ये अमेरिकेत कारखान्यातल्या नोकऱ्या १ कोटी ९५ लाखांच्या घरात होत्या. २०१० च्या सुरुवातीला १ कोटी १५ लाखांच्या आत. ८० लाख चुली, मित्रांनो. त्यातल्या सगळ्या चीनला गेल्या नाहीत, कितीतरी यंत्रानं खाल्ल्या. आमच्या धक्क्यावर कोणी विचारायला नको. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅकलीन नावाच्या ट्रकवाल्यानं न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ लोखंडी पेट्या लादलेली बोट सोडली. तो कंटेनर. त्या पेटीनं जगातला माल स्वस्तात फिरवला, म्हणून कारखाना कुठंही नेता आला. आणि त्याच पेटीनं हुक घेऊन गोणी ओढणाऱ्या आमच्या बापांच्या टोळ्या बसवल्या. एकाच पेटीनं पिट्सबर्गचा आणि मुंबईचा माणूस बसवला. (आयफोन मात्र बोटीनं जात नाही, विमानानं जातो. २०२५ च्या जकातीच्या धास्तीनं चेन्नईहून ६०० टन आयफोन विमानांत भरून अमेरिकेला पळवले, असं रॉयटर्सनं दिलं होतं. माणसाला कोणी असं पळवून वाचवत नाही.)

बरं, काम गेलं ते कुठं गेलं? तिथं सुख होतं का?

२००७ ची गोष्ट. पहिला आयफोन बाजारात यायच्या तोंडावर स्टीव्ह जॉब्सनं ठरवलं, पडदा प्लॅस्टिकचा नको, काचेचा पाहिजे. नव्या काचा चीनमधल्या कारखान्यावर पोचल्या मध्यरात्री. मुकादमानं वसतिगृहात झोपलेल्या ८,००० कामगारांना उठवलं, एकेक बिस्कीट आणि कपभर चहा दिला, आणि अर्ध्या तासात १२ तासांची पाळी सुरू. ॲपलच्या एका माजी अधिकाऱ्यानं ही गोष्ट २०१२ साली न्यूयॉर्क टाइम्सला सांगितली, तीही कौतुकानं! असं अमेरिकेत होऊ शकत नाही, हा त्याचा मुद्दा. मी म्हणतो, होऊ शकत नाही हे बरंच आहे की. फेब्रुवारी २०११ मध्ये ओबामानं जेवणाच्या टेबलावर जॉब्सला विचारलं, हे काम घरी का येत नाही? तो म्हणाला, त्या नोकऱ्या परत येणार नाहीत. एक बिस्कीट, एक कप चहा. नोकरी कुठं राहते याचा तो भाव होता.

२०१० साली शेन्झेनला फॉक्सकॉनच्या कारखान्यांत तरुण पोरं-पोरी इमारतीवरनं उड्या टाकायला लागली. वर्षभरात १४ मेले. कंपनीनं इमारतींना जाळ्या लावल्या. पगारही वाढवला, ते खरं. पण साऱ्या जगानं पाहिली ती जाळी.

तिथंच २०११ साली एक पोरगा कामाला लागला. शू लिझी. खेड्यातला, जन्म १९९०. लाइनवर उभा राहायचा आणि कविता लिहायचा. स्क्रूवर लिहिलं, पाळीवर लिहिलं, भाड्याच्या खोलीवर लिहिलं. पुस्तकांजवळची कसलीतरी नोकरी मिळावी म्हणून खटपट केली, मिळाली नाही. ३० सप्टेंबर २०१४ ला त्यानं जीव दिला. वय २४. पुस्तक निघालं ते मेल्यावर. मी त्याच्या कविता इंग्रजीतनं अडखळत वाचल्या. इथं वाचून दाखवणार नाही, माझा आवाज टिकणार नाही. एवढंच सांगतो की त्याला मी कधी परका धरला नाही. लटनिकसाहेब म्हणतात ती स्क्रू पिळणारी फौज, तिच्यातला हा एक शिपाई.

आणि हीच फॉक्सकॉन २०१७ साली अमेरिकेत गेली, नोकऱ्या परत द्यायला! आता हा तमाशा नीट ऐका.

जुलै २०१७, व्हाइट हाउस. फॉक्सकॉनचा मालक टेरी गौ आणि ट्रम्प शेजारी उभे. विस्कॉन्सिन राज्यात १,००० कोटी डॉलर घालून टीव्हीच्या पडद्यांचा कारखाना काढणार, १३,००० नोकऱ्या देणार. राज्य सरकारनं बदल्यात जवळपास ३०० कोटी डॉलरच्या सवलती कबूल केल्या. भागून बघा, दर नोकरीमागं २ लाख ३० हजार डॉलर. २८ जून २०१८ ला माउंट प्लेझंट गावी सोनेरी फावड्यांनी माती उकरली. ट्रम्प म्हणाला, हे जगातलं आठवं आश्चर्य.

माती कुणाची? तिथं लोकांची घरं होती, शेतं होती. काहींनी पैसे घेऊन सोडली. काही अडून बसले. तेव्हा जून २०१८ मध्ये गावच्या बोर्डानं तो सगळा भाग 'बकाल' म्हणून जाहीर केला, म्हणजे जागा ताब्यात घ्यायचा रस्ता मोकळा. अंगण, हिरवळ, मक्याची शेतं असलेला भाग बकाल! आपली झोपडी पाडायच्या आधी तिला काय काय नावं ठेवतात ते आठवा. मला वाटायचं हे नाव फक्त आपल्याला चिकटतं, कारण आपण आहोत. तर नाही. जमीन हवी असली की गोऱ्या शेतकऱ्याचं घरसुद्धा बकाल होतं. मात्र त्याला बाजारभावाहून जास्त मोबदला मिळाला आणि आपल्याला पहाटे पाचला बुलडोझर, हा फरक मी विसरत नाही.

पुढं काय? मोठा पडद्यांचा कारखाना लहान झाला, मग वेगळाच झाला, मग नुसती शेडं आणि काचेचा एक भलामोठा गोल उभा राहिला. एप्रिल २०२१ मध्ये करार बदलला. १,००० कोटींचे ६७ कोटी २० लाख डॉलर झाले. १३,००० नोकऱ्यांच्या १,४५४. सवलतही ८ कोटींवर आली. पण गावानं रस्ते, पाणी, जमिनीसाठी आधीच कर्ज काढलं होतं. नंतर मायक्रोसॉफ्टनं तिथं जागा घेतली. ८ मे २०२४ ला बायडन त्या भागात येऊन ३३० कोटी डॉलरच्या डेटा सेंटरची दवंडी पिटून गेला. डेटा सेंटर म्हणजे कॉम्प्युटरांनी भरलेलं गोदाम. बांधताना हजारो माणसं लागतात, बांधून झालं की काहीशे. ट्रम्प आला, बायडन आला. पाडलेली घरं काही आली नाहीत.

टेक्सासातल्या फोर्ट वर्थचं थोडक्यात. २०१३ साली मोटोरोलानं तिथं मोटो एक्स फोन जोडायला सुरुवात केली, 'अमेरिकेत जोडलेला' म्हणून जाहिरात. ऐन भरात ३,८०० कामगार. फोन खपला नाही. २०१४ च्या मेपर्यंत ७०० उरले होते, वर्ष संपेस्तोवर कारखाना बंद. त्या शेडमध्ये पूर्वी नोकियाचे फोन बनायचे, तेही गेले होते. एकाच दारातनं दोनदा नोकरी जाते तेव्हा त्या गावातला माणूस कुणाला मत देतो, कुणावर चिडतो, हे इथं बसून हसण्यासारखं नाही. आपल्या गिरणगावात एकदाच गेली तर काय काय झालं!

चिपच्या बाबतीत मात्र खरं काम झालंय, ते मान्य केलं पाहिजे. ९ ऑगस्ट २०२२ ला बायडननं चिप्स कायद्यावर सही केली, कारखान्यांसाठी ३,९०० कोटी डॉलर. ॲरिझोनात फिनिक्सला तैवानच्या टीएसएमसीनं कारखाना उभारला आणि २०२४ च्या अखेरीपासनं तिथं चिप निघायला लागल्या. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीचा बेत ६,५०० कोटी डॉलरचा आणि कायम नोकऱ्या सुमारे ६,०००. एका नोकरीमागं एक कोटी डॉलरच्या वर. म्हणजे कारखाना परत येतो, नोकऱ्या मुठीत मावतील एवढ्या येतात. इंटेलनं जानेवारी २०२२ मध्ये ओहायोत मोठा कारखाना जाहीर केला. ऑगस्ट २०२४ मध्ये १५,००० च्या वर माणसं कमी करायचं ठरवलं. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं की ओहायोतला पहिला कारखाना २०३० शिवाय व्हायचा नाही.

फिनिक्सला बांधकाम चालू असताना २०२३ साली कंपनी म्हणाली, अमेरिकन कामगारांना हे काम येत नाही, आम्ही तैवानहून माणसं आणतो. तिथल्या पाइप-फिटरांची युनियन उखडली. म्हणाली, आम्हाला येतं, तुम्हाला स्वस्त माणूस हवाय. डिसेंबर २०२३ मध्ये समझोता झाला, शिकवण्याचं आणि सुरक्षेचं कबूल झालं. मला युनियनचं बरोबर वाटतं. पण तैवानचा वेल्डर चुकला असं मला वाटत नाही. हे दोन्ही एकाच वेळी धरायला जड जातं. तरी धरायचं.

कारण दुसरी वाट जॉर्जियात दिसली. ४ सप्टेंबर २०२५. सव्हानाजवळ ह्युंदाई आणि एलजीचा बॅटरीचा कारखाना उभा राहत होता, म्हणजे अमेरिकेला हवा तसलाच, परदेशी पैशाचा, नव्या तंत्राचा. पोलिसांच्या धाडीत ४७५ माणसं धरली, त्यांत ३०० हून जास्त कोरियन, यंत्रं बसवायला आलेली. हाताला बेड्या, कमरेला साखळी, पायात साखळी. सरकारनं स्वतः त्याचं चित्रण दाखवलं. आठवड्यानं विमान भरून त्यांना परत पाठवलं. कारखाना पाहिजे, कारखाना उभारणारा नको. माणसाची सावली नको पण घाम चालतो, ही रीत आपल्याला नवी नाही.

आणि मालकांचं काय? त्यांना कोण साखळी घालतंय? ६ ऑगस्ट २०२५ ला टिम कुक व्हाइट हाउसात गेला, आणखी १०,००० कोटी डॉलर अमेरिकेत घालतो म्हणाला, एकूण वचन ६०,००० कोटींचं. केंटकीतल्या काचेची एक तबकडी त्यानं ट्रम्पला भेट दिली, खाली चोवीस कॅरेट सोन्याची बैठक. फोनच्या पडद्याची काच केंटकीतल्या हॅरड्सबर्गला होईल. फोन मात्र चीनमध्ये आणि हिंदुस्थानातच जोडला जात राहिला.

आता पोरा, तुझं उत्तर. तू म्हणतोस आमच्या तोंडचा घास. घास बघू या. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन जोडणाऱ्या बहुतेक मुली. खेड्यापाड्यांतल्या, वसतिगृहात कोंबलेल्या. डिसेंबर २०२१ मध्ये वसतिगृहाचं अन्न खाऊन शेकड्यांनी आजारी पडल्या. मग रस्त्यावर आल्या आणि त्यांनी चेन्नई-बंगलोर हमरस्ता अडवला. कारखाना जानेवारीच्या १२ तारखेपर्यंत बंद राहिला. ॲपलला कबूल करावं लागलं की राहायच्या जागा आणि जेवणाच्या खोल्या तिच्या नियमात बसत नव्हत्या. त्या मुलींना ती नोकरी हवी होती, परत त्या कामावर गेल्या. नोकरी नको असं त्यांना सांगायचा मला अधिकार नाही. तशीच फोर्ट वर्थच्या माणसालाही नोकरी हवी होती. शिपरॉकच्या बाईलाही.

त्या तिघांना एकमेकांची नावं माहीत नाहीत. टिम कुकला तिन्ही ठिकाणचा मजुरीचा दर तोंडपाठ असतो.

मी ज्याला ओळखतो तो अमेरिकन कामगार फोनवाला नाही, माझ्याच धंद्यातला आहे. १ ऑक्टोबर २०२४ ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आणि आखातातल्या बंदरांवर डॉक कामगारांनी संप केला. मेन राज्यापासून टेक्सासपर्यंत क्रेन थांबल्या. १९७७ नंतरचा त्यांचा असा पहिला संप. मागण्या दोन, पगार आणि यंत्र. तीन दिवसांत सहा वर्षांत मिळून ६२ टक्के वाढ कबूल झाली. यंत्राचं घोडं अडलं होतं ते जानेवारी २०२५ मध्ये सुटलं. यंत्र आलं तर माणूस राहील कसा, हे त्यांनी कागदावर लिहून घेतलंय. आमच्या धक्क्यावर नवी क्रेन येते तेव्हा आम्हाला कळतं ते ती उभी राहिल्यावर.

तो करार मला मराठीत आणायचाय. माझं इंग्रजी कच्चं आहे, डिक्शनरी एक आहे तीही फाटकी. दर बुधवारी रात्री पाळी नसेल तेव्हा मी इथंच बसतो. कोण कोण येणार ते चहा घेताना सांगा. ज्यानं प्रश्न विचारला त्या पोराचं नाव मी आधीच लिहिलंय.